शिवडीच्या चिखलातली विसावी मोजणी

शिवडीच्या खाडीत तळपदे सरांची एक रेघ आहे. ती नकाशात सापडत नाही. पडक्या बांधापासून समुद्राच्या दिशेने नव्वद मीटर दोरी ताणली की ती रेघ तयार होते, आणि काम संपलं की दोरी गुंडाळून घरी! दर फेब्रुवारीत त्या रेघेवरच्या चिखलात किती खेकडे राहतात हे सर मोजतात. एकोणीस वर्षं, एकही खाडा नाही. विसाव्या मोजणीसाठी त्या शनिवारी आम्ही चौघं निघालो होतो. मार्चमध्ये सरांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. त्यामुळे यंदाची मोजणी ते स्वतः चिखलात उतरून करणार होते ती बहुधा शेवटची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलून कुणी दाखवलं नव्हतं, एवढंच.

हेमचंद्र तळपदे म्हणजे एकाहत्तर वर्षांचे निवृत्त प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, राहणार गिरगाव. दादरला एका निसर्गमंडळात ते परिसंस्थेचा अभ्यास शिकवतात. वर्गात बसून कमी, चिखलात उभं राहून जास्त. मीही गिरगावचीच. माझं नाव नूपुर, वय चव्वेचाळीस, आणि एका विमा कंपनीत मी लोकांचे दावे तपासते. कोण खरं सांगतंय आणि कोण थापा मारतंय, हे शोधण्याचा मला पगार मिळतो. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे माझी कीव करायची की राग करायचा ते तुम्हाला ठरवता येईल.

तिसऱ्या होत्या घोडपदेवच्या सुभद्राताई परब. त्यांचे वडील गिरणीत होते, त्या स्वतः तीस वर्षं रुग्णालयात आया म्हणून राबल्या. लहानपणी मालवणजवळच्या खाडीत तिसऱ्या शिंपल्या वेचलेल्या, त्यामुळे चिखलात आमच्यापेक्षा झपाझप चालायच्या. आणि चौथा निलेश, लालबागचा. मंडप आणि सजावटीचं काम करणारा, चौतिशीतला, तोंडाने फटकळ आणि गाठी मारण्यात पटाईत. "ताई, मी बांधलेली गाठ सुटली ना, तर नाव बदलीन," हे त्याचं आवडतं वाक्य.

सरांची शिकवण अगदी साधी. एवढा मोठा चिखल सगळा मोजता येत नाही, म्हणून त्याचे थोडे तुकडे मोजायचे. तुकडा म्हणजे प्लॅस्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट. पण ती ठेवायची कुठे? सोयीच्या जागी ठेवली की फसलात! जिथे खेकडे जास्त दिसतात तिथेच हात वळतो. म्हणून सर तंबोल्याची पिशवी आणायचे. तिच्यातून बारा आकडे काढायचे. जो आकडा येईल तितक्या मीटरवर चौकट. तंबोल्यात नव्वदच आकडे असतात, म्हणून रेघही नव्वद मीटरचीच!

"आकडा येईल तिथे जायचं," सर म्हणायचे. "काटे असोत, पाणी असो. सोय बघितलीत की ती मोजणी नव्हे, ती तुमची आवडनिवड झाली."

मला हे फार पटलं होतं. जानेवारीत सराव करताना मी एका चौकटीत 'अंदाजे पन्नास' असं लिहिलं होतं, तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली होती. त्यानंतर त्यांच्या नजरेत पुन्हा भरायचं, या एका ध्यासाने मी झपाटले होते. म्हणून जेव्हा त्यांनी या मोहिमेची भरती-ओहोटी बघण्याचं काम मला दिलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

कोळ्यांचा हिशेब त्यांनीच शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. शनिवारी संकष्टी होती, माझा उपास होता. संकष्टी म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस. पाणी लांब जाणार आणि तितकंच जोरात येणार. अकराला चिखलातून निघालं की झालं!

शुक्रवारी संध्याकाळी सरांनी फोनवर विचारलं, "छापील तक्त्याशी पडताळलंस?"

तक्ता माझ्या पिशवीत होता. उघडायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण हिशेब इतका सरळ होता, आणि 'अजून नाही' म्हणायची इतकी लाज वाटली की मी म्हटलं, "हो सर."

एवढंच. दोन शब्द.

सकाळी पावणेआठला आम्ही चिखलात उतरलो. पायात जुने मोजे, घोट्याशी सुतळीने बांधलेले, कारण कालवांच्या धारेने तळवा कापला की मोहीम तिथेच संपते. किनारा आणि बांध यांच्यामध्ये पाण्याची एक नाळ आहे. ओहोटीला तिच्यात पोटरीभर पाणी असतं. ती ओलांडून आम्ही पडक्या बांधावर चढलो. बांध कसला, दगडमातीचा वीस-पंचवीस पावलांचा ढिगारा, त्यावर जाड पानांची लालसर वेल पसरलेली. दोरीचं शून्याचं टोक इथेच बांधायचं.

"ही वेल ओळखून ठेवा," सर म्हणाले. "खारं वारं चालतं हिला, पण रोज डोक्यावरून पाणी गेलेलं चालत नाही. ती आहे तिथपर्यंत रोजची भरती पोचत नाही. त्याखाली तिवराची झाडं, त्याखाली नुसता चिखल. प्रत्येकाने आपापली पायरी धरलेली असते. आकडे नंतर, आधी पायऱ्या बघायला शिका."

समोरचं दृश्य काय सांगू! मागे परळचे टॉवर, उजवीकडे नव्या सागरी पुलाचा लांबच लांब पाठीचा कणा, आणि मध्ये तो चकचकीत, जिवंत चिखल. पावला-पावलाला चिखलातले निवटे मासे उड्या मारत होते. एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले ते नर खेकडे, पांढऱ्या नांग्या वरखाली करत एकमेकांना धमकावत होते. आपण चालत गेलो की सगळे क्षणात बिळात गडप. म्हणून पद्धत अशी की चौकट ठेवायची, पाच मिनिटं दगडासारखं उभं राहायचं. ते बाहेर येतात. मग मोजायचं. मुंबईत पाच मिनिटं काही न करता उभं राहणं किती अवघड आहे, ते एकदा करून बघा.

बारा आकडे निघाले. काही जाताना मोजायचे, उरलेले परतताना. सातव्या मीटरवर चौदा खेकडे. पंधराव्यावर सोळा. बत्तीसवर अकरा. सर आणि मी आळीपाळीने मोजत होतो, लिहायच्या दोन फळ्यांना चिमट्यांनी कागद लावलेले होते, एक माझ्याकडे आणि एक सुभद्राताईंकडे. दोघींनी स्वतंत्र लिहायचं, मग ताडून बघायचं. निलेश दोरी सांभाळत होता आणि फ्लेमिंगोंचे फोटो काढत होता.

एकेचाळीसवर नऊ. सत्तावन्नवर तीन.

"समुद्राकडे जातोय तसे कमी होतायत," मी ऐटीत म्हटलं. "पायऱ्या!"

सर हसले. पाठ थोपटावी तसं हसले. मी खूश!

अडुसष्टवर शून्य. पाच मिनिटं थांबलो, शून्य. आणखी पाच मिनिटं थांबलो. एकही नांगी वर आली नाही. सर पुढच्या आकड्याकडे निघाले होते, त्र्याऐंशी. तिथला चिखल काळपट आणि फुगीर दिसत होता.

"सर, तिथे नको, बाजूने जाऊ या," निलेश ओरडला. "लई लूज दिसतंय!"

"आकडा त्र्याऐंशी आहे, बाजूचा नाही," सरांनी वळून न बघता उत्तर दिलं, आणि पुढचं पाऊल टाकलं.

ते पाऊल आत गेलं ते गेलंच! गुडघ्यापर्यंत. ते सावरायला दुसरा पाय टाकायला गेले, तोही मांडीपर्यंत आत. सर चिखलात बसल्यासारखे दिसू लागले. हातातली चौकट पुढे पडली.

"काही नाही, काही नाही," ते म्हणाले. "जरा रुतलो. नूपुर, अडुसष्टला किती?"

"शून्य सर."

"शून्य?" त्यांचा आवाज बदलला. "बिळं आहेत की नाहीत?"

"आहेत."

"तोंडं उघडी की बंद?"

मी वाकून बघितलं. प्रत्येक बिळाच्या तोंडावर चिखलाचं गोल झाकण. नीट, बोटाने लिंपल्यासारखं. मागे सत्तावन्नपर्यंत जाऊन बघितलं. तिथेही झाकणं.

"बंद," मी म्हटलं.

सुभद्राताईच बोलल्या. "सर, कुर्ले बिळा बंद करतत ता पाणी येताना. आमच्या खाडीत पण असाच."

"पण भरती तीनला आहे ना?" सरांनी माझ्याकडे बघितलं. "आता सव्वादहा वाजलेत. एवढ्यात ते दारं लावायचे नाहीत. नूपुर, तीनच ना?"

त्याच क्षणी माझा फोन वाजला. आई! मी उचलला तो केवळ सरांच्या नजरेतून सुटका म्हणून.

"नूपुर, अगं लीलाकाकू घोळ घालतायत," आई म्हणाली. "म्हणे पंचांगात सकाळी तृतीयाच आहे, चतुर्थी दुपारी दोननंतर लागते, मग उपास आज कसा? मी म्हटलं, संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी धरायची असते, सकाळची नव्हे. बरोबर ना? तू साबुदाणा नेलास ना?"

सकाळी तृतीया! म्हणजे तिनाची पाऊणपट. सव्वादोन. भरती तीनला नव्हती, सव्वादोनला होती. ओहोटी नऊला नव्हे, आठच्या सुमारास संपली होती. म्हणजे पाणी दोन तासांपूर्वीच वळलं होतं, आणि आम्ही त्याच्या वाटेत उभे राहून खेकडे मोजत होतो!

"आई, नंतर बोलते," मी फोन ठेवला. "सर, पाणी वळलंय. आपण निघायला हवं. आत्ता!"

"कधी वळलं?"

"आठला."

त्यांनी मागे बोट दाखवलं फक्त. मी वळून बघितलं. पाणी समुद्राकडून येईल म्हणून आम्ही तिकडे नजर ठेवून होतो. ते आलं होतं पाठीमागून! किनारा आणि बांध यांच्यामधली नाळ भरून वाहत होती. सकाळी पोटरीभर असलेलं पाणी आता कमरेच्या वर असणार, आणि त्याला ओढ होती. समोर समुद्र, मागे नाळ. आम्ही मधल्या चिखलावर कोंडले गेलो होतो, आणि सर त्या चिखलात मांडीपर्यंत अडकले होते.

निलेशने फोन लावले. अग्निशमन दलाने 'निघालो' म्हणून सांगितलं. मग त्याने शिवडी बंदरावरच्या आपल्या ओळखीच्या शिवाला लावला. शिवाची मासेमारीची होडी.

"तो येतो म्हणतोय," निलेश म्हणाला, "पण दोन तास तरी नाही. एवढ्या पाण्यात होडी चिखलात बसेल."

होडीला पाणी हवं होतं आणि आम्हाला पाणी नको होतं. नाळेपलीकडे परळच्या टॉवरांच्या काचा चमकत होत्या. पुलावरून गाड्या सरसर धावत होत्या. त्यांतल्या कुणी काच खाली करून बघितलं असतं तर चार ठिपके दिसले असते, बस्स! एवढ्या माणसांच्या शहरात इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

निलेश सरांकडे धावला आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढू लागला.

"वढू नको रे झिला!" सुभद्राताई कडाडल्या. "वढलंस तर आणखी धरतलो! चिखल वढणाऱ्याक सोडत नाय. आडवा पड! पोटावर पड!"

निलेश स्वतः गुडघ्यापर्यंत गेला होता. तो पोटावर पडला, साप सरकावा तसा मागे सरकत निघाला, आणि सुटला.

"सर, मागे रेला," ताई म्हणाल्या. आया म्हणून तीस वर्षं रोग्यांना उठवलेलं बसवलेलं, तोच आवाज. "पाठ टेका चिखलार. घाबरू नुको. वजन पसरलां काय तो धरीत नाय."

"अहो, मी घाबरलेलो नाही," सर म्हणाले. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"पण पाठीखाली काहीतरी घट्ट पाहिजे," मी म्हटलं. "नाहीतर पाठही आत जाईल."

निलेशने चौकटीकडे बघितलं. मग दोरीकडे. मग काहीही न विचारता त्याने खिशातलं कटर काढलं आणि दोरी कापली. वीस वर्षांची ती मापाची दोरी! दर दहा मीटरवर लाल फडकं बांधलेली! तो चौकटीवर ती आडवी-उभी ओवू लागला. बाज विणतात तशी. त्याचे हात असे चालले होते की मी बघतच राहिले. पण मध्ये भोकं राहत होती, आणि ती बुजवायला काहीतरी सपाट हवं होतं.

फळ्या. माझ्या हातात एक होती.

पाणी आलं होतं. पातळ, जेमतेम बोटभर, फेसाची किनार घेऊन चिखलावरून सरपटत आलं. काही मिनिटांत ते माझ्या घोट्यांवर चढलं. सर बसलेले असल्यामुळे त्यांच्या पोटापर्यंत पोचलं.

"ताई, फळी द्या," मी म्हटलं. सुभद्राताईंची आणि माझी, दोन्ही मी बाजेवर टाकल्या.

"कागद!" सर ओरडले. "नूपुर, आधी कागद काढ!"

चिमटे गंजलेले होते. सकाळी ते उघडायला निलेशला लागलं होतं. मी एकदा खेचून बघितलं, कागद कोपऱ्यात फाटला. पाणी सरांच्या छातीकडे निघालं होतं. सहा चौकटी. वीस वर्षं. मी सरांकडे बघितलं आणि बाज फळ्यांसकट त्यांच्या पाठीमागे ढकलली.

"कागद काढ म्हणतोय मी!"

"गप बसा सर!" मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "मागे रेला!"

ते रेलले. त्यांची पाठ फळ्यांवर आली आणि विसाव्या वर्षाची पानं त्यांच्याच पाठीखाली चिखलात गेली.

"आता पाय हलवा," सुभद्राताई म्हणाल्या. "वर नाय, गोल गोल. घागर घासतास तसा. पाणी आत जाऊ देत. पाणी भायर आसा तोवर दुश्मन, आत गेला काय आपला."

सर पाय फिरवू लागले. मी आणि निलेश पोटावर पडून त्यांच्या मांडीभोवतीचा चिखल हातांनी उकरत होतो. नखांत कालवांचे तुकडे घुसत होते. पाणी माझ्या हनुवटीला लागलं. तोंडात खारट गेलं. उजवा पाय किंचित हलला. मग आणखी. मग 'चक्' असा मोठा आवाज झाला आणि पाय बाहेर आला! मोजा आतच राहिला.

"एक!" निलेश ओरडला.

डावा सुटेना. सर तो फिरवत होते आणि त्यांच्या गुडघ्यातून कट्‌कट् ऐकू येत होतं. त्यांनी डोळे मिटले होते. पाणी त्यांच्या कानांना लागलं.

"तुम्ही तिघं बांधावर जा," ते शांतपणे म्हणाले. "हे मी सांगतोय."

"सर, आमचा आकडा त्र्याऐंशी आलाय, बांधाचा नाही," निलेश म्हणाला. "आकडा येईल तिथेच थांबायचं, तुम्हीच शिकवलंय. फिरवा पाय!"

सर हसले की रडले, मला कळलं नाही. त्यांनी पाय फिरवला. मी चिखलात खांद्यापर्यंत हात घातला, त्यांची टाच सापडली, तिच्याखाली बोटं घातली आणि पाण्याला वाट करून दिली. आला! सर सुटले!

त्यांना बाजेवर आडवं ठेवून आम्ही ओढत निघालो. पाणी आता मदतीला आलं होतं, बाज तरंगत होती. पण कुठे जायचं? निलेश किनाऱ्याकडे वळला. नाळ! तिथे भोवरे दिसत होते.

"तिकडे नको!" सर आडव्यानेच ओरडले. "बांधावर! वेल आहे तिथे!"

बांध बुटका दिसत होता. त्याची खालची बाजू केव्हाच बुडाली होती. कुणालाही वाटलं असतं की हा अर्ध्या तासात पाण्याखाली जाणार. पण त्यावर ती लालसर वेल होती. रोजच्या भरतीत बुडाली असती तर ती तिथे उगवलीच नसती. एवढा एक धागा धरून आम्ही त्या ढिगाऱ्यावर चढलो.

आणि मग वाट बघणं सुरू झालं. खरं सांगते, चिखलात झटापट करताना मला तेवढी भीती वाटली नव्हती. काहीच करता येत नाही तेव्हा ती वाटते. चारही बाजूंनी पाणी चढत होतं. ढिगारा आकसत विसाचा बारा पावलांवर आला, मग आठ. खेकडे, एक विरोळा साप, गोगलगाई, सगळे आमच्यासारखेच वर सरकत होते. सापाने आमच्याकडे ढुंकून बघितलं नाही. सर थंडीने कुडकुडत होते, सुभद्राताईंनी आपल्या ओढणीने त्यांची छाती पुसली आणि त्यांना कुशीत घेऊन बसल्या.

पाणी वेलीच्या पहिल्या पानांना लागलं. मी त्याच्याकडे डोळे लावून बसले. एक पान बुडालं. दुसरं बुडालं.

"अजून दोन तास चढायचंय," निलेश पुटपुटला. "उधाण आहे साला."

"उधाणाला खालची पानं बुडतात," सर म्हणाले. दात वाजत होते, पण आवाज वर्गातला होता. "मधली बुडत नाहीत. मध्ये बसा."

आम्ही मध्ये बसलो. आणि तिथे, पळायला एक पाऊलही जागा नसताना, मी बोलले.

"सर, तक्ता मी बघितला नव्हता. पडताळलं म्हणून खोटं सांगितलं. संकष्टी म्हणून चार धरले. सकाळी तृतीया होती."

निलेशने शिवी हासडली. अर्धी गिळली, अर्धी ऐकू आली. सुभद्राताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. बारा चाळीसला शिवाची होडी आली तोवर कुणी एक शब्द बोललं नाही. तो चाळीस मिनिटांचा अबोला मी जन्मात विसरणार नाही.

"तिजेच्या दिवशी एवढा वेळ आत कोण राहतं?" शिवाने सरांना उचलून घेताना विचारलं. माझ्याकडे बघूनच विचारलं, असं मला वाटलं. कदाचित नसेलही. त्याच्या मागोमाग अग्निशमन दलाच्या लाल टोप्यांची रबरी बोटही आली. बांधाकडे वळून बघितलं तर मधली पानं कोरडीच होती.

आठवड्यानंतर मी गिरगावला सरांच्या घरी गेले. डाव्या गुडघ्याला पट्टा, पाय उशीवर. निलेश आणि सुभद्राताई आधीच आले होते. टेबलावर सरांची मोजणीची वही होती. एकोणीस ओळी भरलेल्या, विसावी कोरी.

"सर, मला आकडे आठवतात की," निलेश म्हणाला. "चौदा, सोळा, अकरा, नऊ, तीन, शून्य. लिहून टाकू. कुणाला काय कळतंय? बाकीच्या सहा चौकटींची सरासरी काढू."

मलाही आठवत होते. मनातून मला वाटत होतं की सरांनी हो म्हणावं. एकोणीस वर्षांच्या त्या रांगेला माझ्यामुळे भोक पडू नये, एवढंच मला हवं होतं.

"तीन आणि शून्य खोटे आहेत," सर म्हणाले. "तिथे खेकडे होते. ते घरात दार लावून बसले होते. आपण शून्य लिहिलं तर उद्या कुणीतरी वाचेल आणि म्हणेल, त्या वर्षी शिवडीत खेकडे मेले होते." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "आणि बारांतल्या चार आकड्यांनी वर्ष भरत नाही. नसणं वेगळं आणि न मोजणं वेगळं. लिही."

मी पेन घेतलं. विसाव्या ओळीत आकड्यांच्या सगळ्या रकान्यांतून एक आडवी रेघ मारली. शेवटच्या रकान्याच्या वर 'कारण' लिहिलेलं होतं. एकोणीस वर्षांत तो रकाना कधी वापरायची वेळ आली नव्हती. तिथे मी लिहिलं, 'भरतीची वेळ मी पडताळली नाही. पडताळली असं खोटं सांगितलं.' खाली सही केली.

सरांनी वही ओढून घेतली, चष्मा लावून वाचलं, आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

"सर, तुमची कशाला?"

"मोहिमेचा प्रमुख मी होतो. पडताळलंस का, एवढंच विचारलं. तक्ता दाखव, असं म्हटलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या दोन शब्दांवर मी तीन माणसं चिखलात नेली. हे कसलं शास्त्र?"

मग मात्र मला रडू आवरेना. सुभद्राताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला, त्या दिवसानंतर पहिल्यांदा. निलेश उठून स्वयंपाकघरात पाणी आणायला गेला. सरांनी वही मिटली नाही. शाई वाळेपर्यंत ती तशीच उघडी ठेवली.